निर्णयाची सही कोणाची, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे, लोकवस्ती चार-पाच हजारांची. नळपाणी योजनेचे काम अर्धवट पडून आहे, शाळेच्या वाटेवर परवाना असलेले देशी दारूचे दुकान आहे, आणि नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावू नये असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत. तुम्ही काही तरुण मंडळींनी निवेदने दिली, तहसीलवरच्या मोर्चात गेलात, वर्तमानपत्रात फोटोही आला, पण पुढे काही हलले नाही. पक्ष पाठीशी नाही, पैसा नाही, मंत्रालयात ओळख नाही, अशा माणसांनी नेमके काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. ग्रामसभा, माहिती अधिकार आणि दारूबंदी या कामांत मी अनेक वर्षे गावोगावच्या गटांबरोबर आहे, आणि त्या अनुभवावरून हे उत्तर देते आहे.

तुम्ही तिन्ही प्रश्न एकाच निवेदनात लिहिलेत, तिथेच अडचण सुरू झाली. ते निवेदन मुख्यमंत्र्यांच्या नावे होते आणि खाली पालकमंत्री, जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस निरीक्षक अशी ‘प्रत माहितीसाठी’ची लांबलचक यादी होती. असे पत्र ज्याच्या हाती पडते, त्याला ते दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे वाटते, आणि कार्यालयीन पद्धतीप्रमाणे ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली पाठवले जाऊन शेवटी बहुधा तुमच्याच ग्रामपंचायतीत येऊन थांबते. सार्वजनिक प्रश्न कितीही व्यापक असला तरी त्याचा निर्णय कोणत्या तरी एका टेबलावर, एका अधिकाऱ्याच्या किंवा एका सभेच्या सहीने होत असतो. ती सही कोणाची आहे, ती कोणत्या कायद्याने किंवा शासन निर्णयाने त्याच्याकडे आली, आणि ती करायला त्याला किती दिवसांची मुदत आहे, या गोष्टी शोधून काढणे हे नागरिकाच्या कामाचे पहिले पाऊल आहे. माझ्या पाहण्यात जे गट टिकले आणि ज्यांचे काही झाले, त्यांनी हे पाऊल वगळलेले नव्हते.

तुमचे तीन प्रश्न असे वेगळे करून पाहा. पाणी योजना जलजीवन मिशनमधली असेल, तर काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे असते. योजना मोठी किंवा अनेक गावांची असेल तर ती महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असू शकते. ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीत, नोंद झाल्याशिवाय आणि त्रयस्थ तपासणीशिवाय निघू नये, अशी व्यवस्था आहे. दारूच्या दुकानाचा विषय राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्या अखत्यारीतला आहे, पण तिथे गावातल्या महिला मतदारांना कायद्याने एक वेगळी ताकद दिली आहे, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते. विधवांच्या प्रश्नाची सही कोणत्याही कार्यालयात नाही. ती घराघरांत आहे, म्हणून त्याची रीतही निराळी आहे.

एकट्याने हे करू नका. पाच-सात माणसांचा एक गट हवा, त्यात निम्म्या तरी बाया हव्यात, आणि त्या गटाचे मुख्य काम अभ्यास हे हवे. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण घोषणेमागची शिस्त फार थोड्यांना माहीत असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने दोन गोष्टी जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचे जाणकारही यावेत, कायदा वाचावा, प्रश्न विचारावेत. मात्र तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने न घेता सर्वांची सहमती झाल्यावर. एखाद्याला पटले नसेल तर विषय पुढच्या सभेला न्यायचा. बाहेरच्याला हे संथ वाटते, पण यामुळे गावात हरलेला गट तयार होत नाही, आणि पुढे दबाव आला की फुटून जाणारे कोणी उरत नाही.

मेंढ्याची पुढची हकीकत तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले, आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. पट्टा हाती आला, तरी गावाला आपला बांबू बाहेर विकता येईना, कारण माल जंगलाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि त्यावरची सही वन विभागाकडे होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार बांबूची गणना झाडात होई, तर नव्या वनहक्क कायद्याने त्याला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणारा गावाच्या हक्काचा माल, म्हटले होते. गावकऱ्यांनी दोन्ही कायदे शब्दशः वाचले होते, आणि त्यांनी भांडण नेमके त्या एका परवान्यापाशी आणून उभे केले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, म्हणजे सही करण्याचा अधिकारच गावाकडे आला. ‘आदिवासींवर अन्याय होतो’ एवढेच म्हणत हे गाव थांबले असते, तर हे घडले नसते. अन्याय कोणत्या कागदापाशी अडून राहिला आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आता साधनांकडे वळू. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे, आणि महाराष्ट्रात त्याआधीही, अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर, २००२ चा स्वतंत्र राज्य कायदा होता. त्यामुळे आपल्याकडे हा कायदा वापरण्याची परंपरा जुनी आहे; तरीही बहुतेक अर्ज चुकीच्या पद्धतीने लिहिलेले असतात. ‘योजना का रखडली’, ‘जबाबदार कोण’, ‘कारवाई का झाली नाही’ असे प्रश्न विचारले, की जनमाहिती अधिकारी ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर देऊन मोकळा होतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला तसे करता येते. आपण कागद मागायचे असतात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेली देयके, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, मुदतवाढ दिली असेल तर तिचा आदेश. या कागदांतून ‘का’ आणि ‘कोण’ यांची उत्तरे आपोआप बाहेर येतात, कारण प्रत्येक पानावर कोणाची तरी सही आणि तारीख असते.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चालते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, आणि २०१२ पासूनच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो; परत करून ‘तिकडे जा’ म्हणायचे नसते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करायचे, आणि माझा आग्रह असा की सगळा जोर या पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर ठेवावा. राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते आणि तिथे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये असा दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो, हे खरे आहे. पण आयोगाकडची प्रकरणे फार साचलेली असतात आणि तोवर तुमच्या योजनेचे पाइप गंजून जातील. पहिल्या अपिलात तोच विभाग समोर बसलेला असतो. तिथे शांतपणे ‘आम्हाला झेरॉक्स नको, फाइल पाहू द्या’ अशी मागणी केली की अनेकदा काम होते. कलम २(ञ) मध्ये कामांची, कागदपत्रांची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा अधिकार आहे. पाइपाची जाडी, सिमेंटचा दर्जा याविषयी शंका असेल तर हे कलम अतिशय उपयोगाचे आहे, पण ते फार कमी लोक वापरतात.

येथे एक गंभीर बाब सांगितली पाहिजे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला, आणि जमीन, वाळू, बांधकाम या विषयांत माहिती मागणाऱ्यांवरचे हल्ले त्यानंतरही थांबलेले नाहीत. म्हणून ज्या विषयात मोठा पैसा गुंतला आहे, त्यात एकाच माणसाच्या नावाने अर्ज करू नका. तोच अर्ज सात-आठ जणांनी वेगवेगळ्या तारखांना करावा, आलेली माहिती लगेच ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तिच्या प्रती चार घरांत ठेवाव्यात. माहिती एकाच्या खिशात असली की त्या माणसाला धोका असतो. ती सगळ्या गावाची झाली की त्याला गप्प करून कोणाचा फायदा होत नाही. धमकी आली तर ती लपवू नका. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

दाखला, उतारा, नोंद, जोडणी अशा वैयक्तिक कामांसाठी माहिती अधिकाराकडे वळण्याची गरज नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना ठरावीक मुदत आहे, मुदत हुकली तर त्याच खात्यात दोन अपिले आणि नंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या गटाने आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या लोकांना असे अर्ज भरून देण्यासाठी ठेवली, तर सार्वजनिक प्रश्नावर तुमच्या मागे उभे राहणारी माणसे त्यातूनच मिळतील. ज्याच्या आईचे निराधार योजनेचे पैसे तुमच्या मदतीने सुरू झाले, तो ग्रामसभेला न बोलावता येतो.

ग्रामसभा हे तुमच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे आणि सर्वांत वाया जाणारेही तेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. साधारणतः त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात १०० माणसे आली की सभा वैध होते, आणि १०० माणसे जमवणे तुमच्यासारख्या गटाला अशक्य नाही. पण सभेला माणसे कमी आली म्हणून ती तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्याने पुढच्या वेळी पंधरा-वीस माणसांत हवे ते ठराव होऊन जातात. म्हणून पहिल्याच तारखेला माणसे हजर ठेवणे महत्त्वाचे.

आपला विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला जाऊ नये यासाठी सभेच्या नोटिशीआधीच तो लेखी देऊन, आवक क्रमांक घालून घ्यावा. ठरावाचा मसुदा घरूनच लिहून न्यावा. त्यात कोणी, काय, किती तारखेपर्यंत करायचे हे स्पष्ट असावे. सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून घ्यावा आणि नंतर इतिवृत्ताची नक्कल मागावी, कारण सभेत झालेले बोलणे आणि प्रोसिडिंग बुकात उमटलेले शब्द यांत अनेकदा मोठे अंतर असते. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते. ती खरोखर भरवली, तर पाण्याचा विषय तिथे ज्या तपशिलाने येतो, तो ग्रामसभेत कधीच येत नाही: कोणत्या आळीला नळ आहे पण पाणी नाही, टाकी भरते पण चढावरच्या घरांना दाब पोहोचत नाही, हे बायांनाच माहीत असते.

तुमच्या योजनेबाबत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे मानक दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे आहे. गावाला ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित करायचे असेल तर ग्रामसभेचा तसा ठराव लागतो, आणि पूर्ण झालेली योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होताना ग्रामपंचायतीने ती स्वीकारावी लागते. म्हणजे अधिकाऱ्यांच्या सह्यांच्या साखळीत शेवटची सही गावाची आहे. अनेक गावे चाचणी न घेताच हा ठराव देऊन बसतात आणि मग वर्षानुवर्षे तक्रार करत राहतात. प्रत्येक आळीतल्या शेवटच्या नळाला पाणी येते की नाही, हे ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने, ज्यात निम्म्या महिला असायला हव्यात, स्वतः पाहून लेखी नोंद केल्याशिवाय तो ठराव देऊ नका.

दारूच्या दुकानाबाबत २००८ चा शासनाचा आदेश तुमच्या बाजूने आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि त्यानंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली तर परवानाधारक दुकान बंद करावे लागते. यातला ‘एकूण’ हा शब्द फार जड आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते येथे पुरत नाहीत. यादीत जितकी नावे आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव, वारलेल्या आजीचे नाव, मुंबईला राहायला गेलेल्या कुटुंबातल्या बायांची नावे यादीत तशीच राहिली, तर ती सगळी मते प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या बाजूची ठरतात. चांगल्या चांगल्या गावांतले ठराव येथेच पडले आहेत.

म्हणून सह्या गोळा करण्याच्या कितीतरी आधी मतदार यादी घेऊन घरोघर फिरा. वारलेल्यांची आणि कायमच्या गेलेल्यांची नावे कमी करण्यासाठी नमुना ७, पत्ता बदलासाठी आणि चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी नमुना ८, नाव अजून कुठल्याच यादीत नसलेल्या नव्या सुनांसाठी नमुना ६ भरून द्या. हे महिनोन्महिने चालणारे, कंटाळवाणे काम आहे, आणि निकाल बहुतांशी त्यावरच ठरतो. सह्या घेताना नाव यादीत जसे छापले आहे तसेच लिहून घ्या, नाहीतर पडताळणीत ती सही बाद होते. पडताळणीच्या दिवशी दुकानदाराची माणसे बायांना ‘मी सही केली नव्हती’ असे सांगायला लावतात; त्या दिवशी प्रत्येक आळीत गटातली एक बाई सोबत हवी. मतदानाच्या दिवशी मजुरीला बाहेर जाणाऱ्या बायांचा विचार आधीच करून ठेवा, कारण न आलेले प्रत्येक मत विरोधातच मोजले जाते.

दुकान बंद झाले म्हणजे दारू बंद झाली असे होत नाही, हेही मी स्पष्टपणे सांगते. गडचिरोलीशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालत गेल्या, १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. मंत्रिमंडळाने दिलेला निर्णय मंत्रिमंडळ परत घेऊ शकते. गावाने मतदानाने बंद केलेले दुकान तितक्या सहज उघडत नाही, पण अवैध विक्री रोखण्यासाठी ग्रामरक्षक दलासारखी व्यवस्था आणि पोलीस ठाण्याशी सतत लेखी पाठपुरावा लागतोच. त्या कामाला माणसे तयार नसतील तर मतदानाची घाई करू नये, असे माझे मत आहे.

विधवांच्या प्रश्नावर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाकडे पाहावे. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, या गावाने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले. एका गावाचा ठराव दोन आठवड्यांच्या आत राज्याच्या पातळीवर पोहोचल्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे. मात्र परिपत्रक हे आवाहन आहे. ते न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि असावी असेही मला वाटत नाही. अशा ठरावाचे यश पुढच्या मृत्यूच्या वेळी ठरते. त्या दिवशी, त्या घरात, बाईच्या हाताला धरणाऱ्या वयस्क नातेवाईक बाया काय करतात, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून आधी त्या वयस्क बायांशी, आणि मुख्य म्हणजे ज्या आज विधवा आहेत त्यांच्याशी बोला. त्यांना काय हवे आहे हे न विचारता त्यांना व्यासपीठावर बोलावून कुंकू लावण्याचे कार्यक्रम मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोचही पाहिला आहे. अनेकींना कुंकवाआधी सात-बारावर नाव, घराचा उतारा आणि निवृत्तिवेतन हवे असते. ते मिळवून देण्यात गट पुढे राहिला तर हळदीकुंकवाचे आमंत्रणही देता येते आणि स्वीकारलेही जाते.

एखाद्या कुटुंबाला जातपंचायतीने किंवा भावकीने वाळीत टाकले असेल, तर मात्र समजावणीवर थांबू नका. महाराष्ट्रात त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पोलीस ठाण्यात या कायद्याची माहिती कमी असते, त्यामुळे कायद्याची प्रत सोबत न्यावी.

शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात लिहिते, कारण तिथली साधने कमकुवत आहेत. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद असूनही ती प्रत्यक्षात भरत नाही. उरते ते विकास आराखड्यावर मुदतीत हरकती व सूचना देणे, सुनावणीला स्वतः जाणे, आणि पुण्यासारख्या ठिकाणी २००६ पासून असलेल्या नागरिकांच्या सहभागी अंदाजपत्रकात वेळेवर अर्ज भरणे. छापील हरकतीच्या हजार प्रतींपेक्षा भूखंड क्रमांक, आरक्षणाचा प्रकार आणि पर्यायी जागा देणाऱ्या दहा हरकती सुनावणीत जास्त उपयोगी पडतात. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीलाही हेच लागू आहे: ती किमान ३० दिवसांच्या नोटिशीने होते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा, आणि तुम्ही लेखी दिलेला आक्षेप नोंदवून घ्यावा लागतो.

मोर्चा, धरणे आणि उपोषण यांना मी कमी लेखत नाही. रायगड जिल्ह्याच्या पेण भागात २००८ साली विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले नसते, तर त्या सप्टेंबरात २२ गावांत शासनाला लोकमत घ्यावेच लागले नसते. पण त्या आंदोलनाकडेही एक ठोस कागदोपत्री मुद्दा होता, की ही जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आहे. रस्त्यावर उतरण्यापूर्वी आपली मागणी एका अधिकाऱ्याच्या एका निर्णयापर्यंत आणलेली असावी. पोलीस ठाण्याला लेखी सूचना द्यावी, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू आहे का ते पाहावे, आणि शिष्टमंडळाने परत येताना लेखी उत्तर आणावे. ‘लेखी आश्वासनानंतर उपोषण मागे’ अशा बातम्यांमागचे पत्र मी अनेकदा वाचले आहे. त्यात ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ याखेरीज काही नसते. अधिकाऱ्याचे पदनाम, कामाचे नाव आणि तारीख नसलेले पत्र घेऊन उपोषण सोडू नये.

आमदारांकडे जाताना सत्कार आणि निवेदन यांऐवजी विधिमंडळात विचारता येईल असा तयार प्रश्न न्या: अमुक योजनेचा कार्यारंभ आदेश अमुक तारखेचा आहे हे खरे आहे काय, मुदत संपूनही काम अपूर्ण आहे हे खरे आहे काय, असल्यास कोणती कारवाई केली. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, स्वीकारला गेला नाही तरी त्याच्या उत्तरासाठी खात्यातून जिल्ह्यात फोन येतो आणि फाइल शोधली जाते. विरोधी पक्षाच्या आमदारालाही हाच प्रश्न द्यावा. गटाने कोणाचा शिक्का लावून घेऊ नये. न्यायालय मी शेवटी ठेवते. खर्च आणि वेळ यांपेक्षाही मोठे कारण असे, की खालच्या पातळीवर रीतसर मागणी केल्याचे कागद नसतील तर याचिका पहिल्याच दिवशी कमकुवत ठरते.

गावातली जी मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत, त्यांनी शासन निर्णय शोधावेत, मसुदे तपासावेत, ऑनलाइन अर्ज करावेत. ग्रामसभेत काय मागायचे हे मात्र गावात राहणाऱ्यांनी ठरवावे.

सुरुवात पाणी योजनेपासून करा, कारण त्यात गावात दोन बाजू पडत नाहीत. जनमाहिती अधिकारी, ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, जिल्हा परिषद यांच्या नावे पहिला अर्ज असा लिहा: ‘आमच्या गावच्या नळपाणी पुरवठा योजनेच्या कामाची पुढील कागदपत्रे मला पाहणीसाठी उपलब्ध करून द्यावीत व मी निवडलेल्या पानांच्या प्रती शुल्क आकारून द्याव्यात. प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, आजपर्यंत अदा केलेली देयके, त्रयस्थ तपासणी अहवाल, मुदतवाढीचे आदेश. पाहणीसाठी दिनांक व वेळ कळवावी.’ यात एकच विषय आहे आणि शब्द १५० च्या कितीतरी आत आहेत. अर्ज हातोहात द्या किंवा पोचपावतीच्या टपालाने पाठवा, आणि पोचेवरची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, कारण ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.